डिवोर्सच्या टेन्शनने हार्टला खरंच काही होतं का? ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय 47, लांज्याच्या बाजूला शाळेवर शिक्षिका, नवरा मुंबईला, बरीच वर्षं वेगळे राहताय आणि आता केस कोर्टात आहे, तारखेवर तारीख पडतेय. गेले काही महिने छातीत धडधडतं, रात्री दोन-तीनला दचकून जाग येते, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि घरची पाखाडी चढताना दम लागतो. ईसीजी काढलात, नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे आणि झोपेची गोळी दिली. इकडे भाऊ म्हणतोय की घटस्फोटाचं डोक्यातून काढ, हार्टवर येईल तुझ्या, मिटवून घे. तर डिवोर्सने हार्टला धोका असतो का आणि केस मागे घेऊ का, असे दोन प्रश्न आहेत.

मी रत्नागिरीत बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतेय, बीपी, शुगर, हार्टचेच पेशंट जास्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, धोका असतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र भाऊ म्हणतात तसं अजिबात नाही, आणि ते का ते नीट सांगायचंय म्हणून उत्तर लांबणार आहे.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. "टेन्शन आहे" आणि "हार्टचं आहे" ही दोन वेगवेगळी उत्तरं आहेत असं आपल्याकडे पेशंट पण धरून चालतो आणि कधी कधी डॉक्टर पण. टेन्शन निघालं म्हणजे हार्ट सुटलं, असं. तसं नसतं हो. टेन्शन हे बीपी, शुगर, तंबाखू यांच्याच रांगेत बसणारं हार्टचं कारण आहे. 2004 साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 52 देशांतले हार्ट अ‍ॅटॅकचे पेशंट त्यात होते, भारतातलेही होते. त्यात मानसिक ताण, उदासपणा, घरचं-कामाचं टेन्शन, पैशाची ओढाताण हे सगळं एकत्र धरलं तर अ‍ॅटॅकच्या एकूण धोक्यातला साधारण एक तृतीयांश वाटा त्याचा निघाला. आणि त्याच अभ्यासातून हेही दिसलं की आपल्या भागातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळमधल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी 53 व्या वर्षी येतो, बाकी देशांत तो 59 च्या आसपास. म्हणून 47 वर्षांची बाई "पाखाडी चढताना दम लागतो" म्हणत असेल तर एका नॉर्मल ईसीजीवर मी तिला घरी पाठवणार नाही.

कारण ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांचा फोटो. तुम्ही खाटेवर शांत पडलेल्या असताना काढलेला. हार्टला रक्त नेणारी नळी अर्धी बुजलेली असली तरी बसल्या जागी हार्टला रक्त पुरतं आणि ईसीजी स्वच्छ येतो, खरी परीक्षा चढावर होते. म्हणून मी सगळ्यांना पाखाडीबद्दल विचारते. आपल्या कोकणात प्रत्येकाच्या घरी जायला एक तरी चढण असते, मग ती जांभ्याच्या पायऱ्यांची असो नाहीतर नुसती घाटी. चढताना छाती भरून येते, जड होते, कधी डाव्या हातात नाहीतर जबड्यात नाहीतर पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये दुखतं आणि वर पोचून जरा टेकलात की पाच-दहा मिनिटांत उतरतं, असं असेल तर ते हार्टचं समजून तपासायचं, मग घरात कितीही टेन्शन असो. उलट चढताना काही नाही, पण वकिलाचा फोन आला, कोर्टाचं पाकीट आलं की धडधड सुरू, हातापायाला मुंग्या, ओठ बधिर, जीव घाबराघुबरा, दहा मिनिटांत एकदम चढतं आणि अर्ध्या तासात ओसरतं, हे पॅनिक अ‍ॅटॅकचं चित्र. पण हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं, आणि तुम्ही लिहिलेल्यात दोन्ही आहे. त्यामुळे तुम्हाला माझं सांगणं: टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी), आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), शिवाय रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर (तीन महिन्यांची पण), कोलेस्टेरॉल. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड विसरू नका, या वयात पाळी अनियमित होते, खूप जाते, रक्त कमी होतं आणि धडधड, दम तेवढ्यानेही होतो. कित्येक बायकांचं "टेन्शन" मी लोहाच्या गोळ्यांनी निम्मं झालेलं बघितलंय.

आता मूळ विषय, डिवोर्स आणि हार्ट.

यावर सगळ्यात जास्त सांगितला जातो तो अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीचा अभ्यास, मॅथ्यू ड्युप्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2015 मध्ये आलेला. 45 ते 80 वयाची 15,827 माणसं, 1992 ते 2010 असा काळ. ज्यांचं लग्न टिकलं त्यांच्याशी तुलना केली तेव्हा एकदा घटस्फोट झालेल्या बायकांमध्ये हार्ट अ‍ॅटॅकचा धोका 24 टक्के जास्त होता, दोन किंवा जास्त वेळा झालेल्यांत 77 टक्के. पुरुषांत एकदा झाला तर फारसा फरक सापडला नाही, दोन किंवा जास्त वेळा झाला तर 30 टक्के. पुन्हा लग्न केलेल्या पुरुषांचा धोका लग्न टिकलेल्यांसारखाच होता, पण पुन्हा लग्न केलेल्या बायकांचा 35 टक्के जास्तच राहिला. बीपी, शुगर, सिगारेट, पैसा-नोकरी वगैरे हिशेबात धरूनही हा फरक उरला.

हे आकडे वाचून तुमच्या भावासारखंच कोणालाही वाटेल की मग डिवोर्स नकोच. थांबा जरा. एक तर ही तिकडच्या लोकांची आकडेवारी आहे, आणि 24 टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या 24 जणींना अ‍ॅटॅक आला असं नव्हे, मुळात जो लहान धोका आहे तो तेवढ्या टक्क्यांनी वाढला. दुसरं म्हणजे तुलना कोणाशी केलीय बघा, लग्न टिकलेल्या सगळ्यांशी, त्यात सुखाने नांदणारे पण आले. तुमच्यासमोरची निवड "सुखाचा संसार की डिवोर्स" अशी नाहीये ना. ती "रोजचं भांडण, अपमान, अधांतरी लटकणं की डिवोर्स" अशी आहे. आणि वाईट संसारात राहण्याचं हार्टला काय होतं तेही अभ्यासलं गेलंय.

स्टॉकहोमला हार्टचा त्रास होऊन हॉस्पिटलमध्ये आलेल्या बायकांचा काही वर्षं पाठपुरावा केला, 2000 साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना नवऱ्याशी संबंधात जास्त ताण होता त्यांना पुन्हा हार्टचा त्रास होण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. नोकरीच्या ताणाने तसा फरक पडला नव्हता, घरच्या ताणाने पडला. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातला 2007 चा दुसरा अभ्यास तर मी कितीतरी जणींना सांगितलाय: नवऱ्याशी वाद झाला की सगळं मनात गिळून गप्प बसणाऱ्या बायकांत पुढच्या दहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण बोलणाऱ्या बायकांच्या चौपट होतं. चौपट! आणि आपल्याकडे लग्न होऊन जाताना आई काय सांगते, उलट बोलू नको, तोंड मिटून घे.

त्यामुळे मला जे कळलंय ते असं की डिवोर्सचा कागद हार्टला धक्का देत नाही, त्याच्या आगेमागे वर्षानुवर्षं चालणारी ओढाताण देते. आणि आपल्या कोकणात ही ओढाताण फार लांबते, कारण अर्धे संसार आधीच दोन ठिकाणी असतात. नवरा मुंबईत, बायको गावी, सणाला येणार, मग सणालाही यायचा बंद होतो, पैसे पाठवायचा बंद होतो, पण ना धड तुटलं ना धड जोडलं. पंधरा पंधरा वर्षं असं अधांतरी काढलेल्या बायका माझ्याकडे बीपी घेऊन येतात. कागदावर सगळ्या "विवाहित"च आहेत.

शरीरात नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की औषधं आणि झोप याबद्दल मी जे पुढे बोलणार आहे ते पटेल. भीती, राग, अपमान झाला की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, नळ्या आकसतात, रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी चिकट होतात. अंगावर साप आला असता तर हे बरोबरच होतं, पळायचं आणि संपलं. पण केस पाच वर्षं चालते. मग कॉर्टिसोल वाढलेलंच राहतं, त्याने शुगर वाढते, पोटावर चरबी चढते, अंगात मीठ-पाणी धरून राहतं. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत 10 ते 20 टक्के खाली येतं, तीच हार्टची आणि नळ्यांची विश्रांती, आणि ज्याची झोप मोडलीय त्याचं ते उतरतच नाही. बोट बंदराला लागून नांगर टाकला तरी इंजिन फुल रेसवरच ठेवलं तर जे होईल ते. 2017 साली एक अभ्यास झाला, 293 जणांच्या मेंदूचा आणि नळ्यांचा एकत्र स्कॅन घेऊन, त्यात असं दिसलं की मेंदूतला भीतीचा भाग ज्यांचा जास्त जागा होता त्यांच्या हाडांच्या मगजात जास्त हालचाल होती आणि नळ्यांना जास्त सूज होती, आणि पुढे त्यांनाच हार्टचे आणि पक्षाघाताचे त्रास जास्त झाले. म्हणजे डोक्यातलं टेन्शन नळीपर्यंत कुठल्या वाटेने पोचतं ती वाट आता बऱ्यापैकी दिसलीय, हे मनाचे खेळ नाहीत.

आणखी एक प्रकार आहे, अचानक होणारा. जबरदस्त धक्का बसला, कोर्टात सगळ्यांसमोर काहीतरी घाणेरडा आरोप झाला, मुलाने तोंडावर सांगितलं मी बाबांकडे राहणार, आणि त्याच दिवशी छातीत भयंकर दुखून घाम फुटून बाई हॉस्पिटलमध्ये. ईसीजी बदललेला, रक्तातलं ट्रोपोनिन (हार्टला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं, सगळं अ‍ॅटॅकसारखं, आणि अँजिओग्राफी केली तर नळ्या मोकळ्या. इकोत मात्र हार्टचं टोक फुगून लुळं पडलेलं दिसतं. याला टाकोत्सुबो म्हणतात, जपानमधल्या डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. दहातल्या नऊ पेशंट बायका असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. काही आठवड्यांत बहुतेकांचं हार्ट पूर्ववत होतं, पण पहिले काही दिवस ठोके बिघडणं, बीपी पडणं असे खरे धोके असतात म्हणून हॉस्पिटलमध्येच ठेवावं लागतं. "नळ्या मोकळ्या आहेत म्हणजे नाटक होतं" असं सासरच्यांनी म्हटलेलं मी कानाने ऐकलंय. नाटक नसतं ते. इकोवर दिसतं, मोजता येतं.

पण ताई, खरं सांगू का, माझ्या अनुभवात डिवोर्सच्या काळात हार्टचं जास्तीत जास्त नुकसान या मोठ्या धक्क्यांनी होत नाही, ते साध्या गोष्टींनी होतं ज्या कोणाच्या लक्षातच येत नाहीत. बीपीची गोळी बंद होते. कोणी ठरवून बंद करत नाही, पण माहेरी सामान हलवताना डबा तिकडेच राहतो, पुढची चिठ्ठी कोण आणणार, आणि "आता जगून काय करायचंय" असं एक मनात असतं. जेवणाचा नेम जातो. एकटीसाठी काय करायचं म्हणून पेज आणि लोणचं, नाहीतर भात आणि सुकट, पावसाळ्यात तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजं मिळत नाही, मग रोज सुका बांगडा, सुकट, पापड, आणि दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत पाहिजे ते तेवढ्यातच संपून वर जातं. बीपी का वाढलं म्हणून विचारतात मग. सुकं पूर्ण सोडा म्हणत नाही, आपण सोडणार पण नाही, पण खारवलेलं नीट दोन-तीन पाण्यातून धुऊन आणि आठवड्यातून एखाद्या वेळी. बाकी दिवस कुळथाची पिठी, भाजी, सीझन सुरू झाला की ताजा बांगडा, तारली. ते हार्टला चांगलंच आहे, तळून नको एवढंच.

आणि मशेरी. हे जरा स्पष्ट विचारते कारण बायका आपणहून सांगत नाहीत. "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात, "मशेरी लावता का" विचारलं की हो, सकाळी एकदा. टेन्शन सुरू झालं की ती एकदाची चार-पाच वेळा होते, रात्री जाग आली की पुन्हा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिन रक्तात जातं, ठोके आणि बीपी दोन्ही वाढतात. रात्री तीनला धडधडतं म्हणून मशेरी लावायची आणि मशेरीने आणखी धडधडायचं. तुम्ही लावत नसाल तर हे सोडून द्या, पण वाचणाऱ्यांत बऱ्याच जणी असतील. पुरुषांचं दारू आणि सिगारेट, ते वेगळं सांगायला नको. डिवोर्सनंतर पुरुषांची दुसरी एक गोष्ट होते, गोळ्यांची वेळ, डॉक्टरची तारीख, मीठ कमी घाल हे सगळं बायको बघत असते, ती गेली की ते बघणारं कोणी नसतं आणि स्वतःची गोळी कुठली तेही माहीत नसतं. शुगर 400 घेऊन येतात.

एकटेपणाही मोजला गेलाय बरं. ज्यांना माणसांचा संबंध कमी त्यांच्यात हार्टच्या आजाराचा धोका 29 टक्के आणि पक्षाघाताचा 32 टक्के जास्त, असं बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून 2016 मध्ये निघालं. आपल्याकडे वाडीत राहणारी बाई एकटी कशी पडेल असं वाटतं, दारासमोरून दिवसभर माणसं जातात. पण घटस्फोट घेतलेली बाई वाडीतच जास्त एकटी पडते. गणपतीत आरतीला कुठे उभं राहायचं, शिमग्याला पालखी दारात आली की ओटी कोणी भरायची, हळदीकुंकवाला बोलावणं येईल की नाही, असं दर सणाला नव्याने टोचत राहतं. म्हणून अशी एखादी ओळखीतली असेल तर तिला बोलवा, मुद्दाम घरी जाऊन बोलवा, एवढं मी बाकीच्या वाचणाऱ्यांना सांगेन.

झोपेच्या गोळीबद्दल. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण आपल्याकडे बहुतेक अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असतं. थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली, ठीक आहे. पण मेडिकलवाला ओळखीचा म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवली तर सवय लागते, आणि एकदम बंद केली तर धडधड पहिल्यापेक्षा जास्त उसळते, मग वाटतं हार्टच गेलं. तुम्ही बरेच दिवस घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, हळूहळू कमी करून देतात. मन खरंच खोल गेलं असेल, रडू थांबत नाही, कशात रस नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा, लाज बाळगू नका. उदासपणावरची औषधं हार्टला बाधतात ही भीती बऱ्याच जणांना असते, सर्ट्रालिनसारखं औषध अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांना देऊनही पाहिलंय, 2002 च्या अभ्यासात ते सुरक्षित निघालं. आणि तालुक्यापर्यंत जाणंही जमत नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री तीनला जाग आली तेव्हाही लागतो. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्याच क्षणी लावा, सकाळची वाट बघू नका.

बोलण्याने हार्टला खरंच फरक पडतो का, असं मला पुरुष पेशंट जास्त विचारतात. पडतो. स्वीडनमध्येच हार्टचा त्रास होऊन गेलेल्या 237 बायका घेतल्या, निम्म्यांना नेहमीची औषधं आणि निम्म्यांना औषधं अधिक वर्षभरात 20 वेळा लहान गटात बसून ताण कसा हाताळायचा याचं शिक्षण. साधारण सात वर्षांनी नुसत्या औषधवाल्यांत 20 टक्के बायका गेल्या होत्या, गटवाल्यांत 7 टक्के. 2009 ला हे प्रसिद्ध झालं. ही एवढी मोठी तफावत बघून मला आपल्याकडचे बचत गट आठवतात, बायका आधीच दर महिन्याला एकत्र बसतातच की, तिथे कर्जाच्या हप्त्यांबरोबर एवढं बोलणं व्हायला काय हरकत आहे. तुमच्या शाळेच्या केंद्रातल्या चार बायका झाल्या तरी चालतील.

लिहिणंही उपयोगी पडतं, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सुचवते. अमेरिकेत नुकतेच वेगळे झालेल्या लोकांना तीन दिवस रोज 20 मिनिटं लिहायला दिलं. ज्यांनी आपल्या लग्नाची, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, अशी सलग गोष्ट लिहिली त्यांचे ठोके काही महिन्यांनी कमी झालेले दिसले, पण ज्यांनी नुसता राग आणि दुःख ओतलं त्यांना तसा फायदा दिसला नाही. तेव्हा लिहिलंत तर सलग लिहा, कसं सुरू झालं, कुठे बिघडलं, आता मी कुठे आहे. आणि रात्री झोपताना लिहू नका, दुपारी लिहा, रात्री तेच घोळत बसतं. नवऱ्याचे जुने मेसेज वकिलासाठी ठेवायचे असतील तर भावाला नाहीतर मुलाला कॉपी काढून द्यायला सांगा आणि तुमच्या मोबाईलमधून काढून टाका, रात्री दोनला तेच वाचत बसणाऱ्या किती जणी माझ्यासमोर बसलेल्या असतात.

केस मागे घेऊ का. मी वकील नाही आणि हा निर्णय तुमचाच आहे, पण "हार्टसाठी" म्हणून मागे घेऊ नका, हार्ट हे त्याचं कारण होऊ शकत नाही. हार्टच्या दृष्टीने चांगलं काय असेल तर लांबण न लागणं. दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली परस्पर संमतीने होतं, त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमचं ते झालंच आहे, आणि मधली सहा महिन्यांची वाट सुद्धा योग्य परिस्थितीत कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय. वकिलाला हे विचारा. फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे अजून कितीतरी जणींना माहीत नाही. मारहाणीचा, धमकीचा विषय असेल तर 181 वर फोन. आणि भावाशी एकदा शांतपणे बोला, ते वाईट मनाने म्हणत नसणार, बहिणीची काळजीच आहे ती, त्यांना म्हणावं काळजी आहे ना, मग तारखेला माझ्याबरोबर चल आणि घरी बीपी मोजायचं मशीन घेऊन दे. वाटल्यास मला भेटायला त्यांना घेऊन या.

मशीन हाताला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळी (बीपीची गोळी चालू असेल तर तिच्या आधी) आणि रात्री, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, दोनदा मोजायचं, वहीत लिहायचं, आठवडाभर. घरी मोजलेलं सरासरी 135/85 किंवा वर येत असेल तर ते वाढलेलंच आहे, मग "टेन्शनमुळे वाढलंय, टेन्शन गेलं की जाईल" म्हणून सोडायचं नाही. टेन्शन कधी जाणार ते कोर्टाच्या हातात आहे, नळ्या तोवर थांबत नाहीत. गोळी लागली तर घ्या, पुढे उतरलं तर कमी करता येते.

अजून एक, आणि हे पाठ करून ठेवा. छातीत दाब, जडपणा, जळजळ किंवा जबडा-हात-पाठीत दुखणं, घाम, मळमळ, असं बसूनही 15 मिनिटांच्या वर राहिलं तर ते पित्त नाही, गॅस नाही. सोडा पिऊन, ओवा खाऊन, कोकम सरबत पिऊन वाट बघायची नाही. बायकांत दुखणं कमी आणि दम, मळमळ, गळून गेल्यासारखं जास्त, असंही होतं. 108 ला फोन, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्तस्रावाचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर 300 मिलिग्रॅमची साधी अ‍ॅस्पिरिन चावून खायची, स्कूटी घेऊन एकटीने निघायचं नाही. आणि आधी जवळच्या, ईसीजी निघेल अशा हॉस्पिटलला जायचं, डायरेक्ट कोल्हापूर किंवा मुंबईची गाडी करायची नाही. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे 130 किलोमीटर, मध्ये आंबा घाट, पावसात दरड आली तर किती तास लागतील सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळ मिळू शकतं, पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर त्याचा फायदा सगळ्यात जास्त, ते घेऊन मग पुढे अँजिओग्राफीला घाट चढायचा. सिंधुदुर्गातले लोक गोव्याला बांबोळीला जातात त्यांनाही हेच, आधी जवळ ईसीजी आणि इंजेक्शन, मग पुढे.

तुम्ही रात्री एकट्या असता म्हणून शेजारच्या एका घरी किल्ली देऊन ठेवा आणि त्यांचा नंबर मोबाईलवर पहिला ठेवा. पुढच्या तारखेच्या दिवशी उपाशी निघू नका, सकाळची बीपीची गोळी चालू असेल तर ती घेऊन, पेज किंवा दोन घावणे खाऊन निघा, पाण्याची बाटली बरोबर, चहा एकच. आणि तपासणीला याल तेव्हा जुना ईसीजी, वही, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, झोपेच्या गोळीची पण, पिशवीत घालून आणा. ही तपासणी तारखेच्या आधी, याच आठवड्यात करा.